अकरावीला मॅकार्थीचा काळ शिकवताना : लाल ठिपक्याचा खेळ खेळवू की नको?

मास्तरीणबाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत एका पब्लिक हायस्कूलमध्ये अमेरिकेचा इतिहास शिकवते. अकरावी, म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पोरं. दोन आठवड्यांनी सिनेटर मॅकार्थीचा काळ येतोय, म्हणजे १९४७ ते ५४ च्या आसपास इथे घरोघरी कम्युनिस्ट शोधायची जी साथ आली होती ती. पुस्तकात दीड पान आहे. पोरं ते वाचतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. "लोक एवढे मूर्ख कसे होते मिस?" हा दरवर्षीचा प्रश्न.

म्हणून इथले बरेच शिक्षक एक खेळ खेळवतात, मीही खेळवते. प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी द्यायची. सांगायचं की काही कोऱ्या आहेत, काहींवर लाल ठिपका आहे, आणि आपली चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. मग गट करायचे. ज्यात एकही ठिपकेवाला नाही असा सगळ्यात मोठा गट जिंकला. ठिपकेवाला अशा गटात शिरला तर तो जिंकला. एकमेकांना काय हवं ते विचारा, खोटं बोललात तरी चालेल. मेख अशी की मी एकाही चिठ्ठीवर ठिपका काढलेलाच नसतो.

गेल्या वर्षी एक मुलगी होती, मुळात कमी बोलणारी, कुणी काही विचारलं की चेहरा लाल होणारी. पहिल्या दोन मिनिटांत तिला गटाबाहेर काढलं. दुसऱ्या गटाने "तिकडून का काढलं तुला?" म्हणून घेतलं नाही. तिसऱ्याने विचारलंसुद्धा नाही. शेवटी ती पेन्सिलच्या शार्पनरपाशी भिंतीला टेकून उभी, हातात ती चिठ्ठी, घडीवर घडी घालून नखाएवढी झालेली. सगळ्यांनी चिठ्ठ्या उघडल्यावर वर्गात एकच हशा झाला. तिने तिची उघडलीच नाही. पुढचा आठवडाभर माझ्या तासाला मान वर केली नाही, आणि मग आईची ईमेल.

तर दोन प्रश्न. खेळ परत घ्यावा का? आणि हे सगळं "वेड लागलं होतं लोकांना" एवढ्यावर न संपवता कसं शिकवावं?

उपद्व्यापी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा खेळ रोज चालतो. चिठ्ठ्यासुद्धा लागत नाहीत.

खवट_म्हातारा

मॅडम, आधी एक दुरुस्ती. तुमची नव्हे, पण पोरं हमखास चुकतात म्हणून. हॉलिवूडवाल्यांना कम्युनिस्ट आहात का विचारायला बोलावलं ती समिती हाउसची, म्हणजे प्रतिनिधीगृहाची, ती १९३८ पासूनची. मॅकार्थी सिनेटर, त्याचा त्या समितीशी संबंध नाही. सरकारी नोकरांची निष्ठा तपासायचा हुकूम ट्रुमनने मार्च १९४७ मध्ये काढला. हॉलिवूडच्या दहा जणांनी उत्तरं द्यायला नकार दिला तेही १९४७ मध्येच, आणि पुढे त्यापायी तुरुंगात गेले. मॅकार्थीला तोवर विस्कॉन्सिनबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. तो उगवला ९ फेब्रुवारी १९५० ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावात. माझ्या हातात यादी आहे म्हणाला. आधी २०५ नावं, थोड्या दिवसांत ५७. यादी कुणी पाहिली नाही. म्हणजे गडी वरातीत उशिरा आला आणि थेट घोड्यावर जाऊन बसला. पण नाव पडलं त्याचं.

हे सांगायला हवं, नाहीतर पोरांना वाटतं एक वाईट माणूस होता, तो पडला, संपलं. १९५४ च्या डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याच्या वागणुकीचा निषेध केला, ५७ मध्ये तो वारलाही, अवघा ४८ वर्षांचा. पण निष्ठेच्या शपथा, काळ्या याद्या, पासपोर्टाची अडवणूक हे त्याच्या आधीही होतं आणि त्याच्यानंतरही चालू राहिलं.

चिंगीची_आई

खेळ बंद करा. सरळ सांगते. माझी मुलगी तशीच आहे, न बोलणारी. वर्गात कोण कुणाला गटात घेत नाही हे त्या मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यासाठी ठिपका लागत नाही. तुम्ही फक्त शिक्षकांची परवानगी दिलीत.

तात्या_टेक्सासवाले

चिंगीची आई, राग मानू नका, पण मग शिकवायचं तरी काय? सगळंच मऊ करून वाढलं तर पोरं जेवतील पण पोटात काय जाणार. भीती हा विषय भीती न दाखवता कसा कळणार?

चिंगीची_आई

तात्या, पोहायला शिकवताना एकाच मुलाला बुडवून बाकीच्यांना काठावर बसवत नाहीत.

उपद्व्यापी

तात्या, गप बसा आता :ड

ओर्लँडोची_सुनबाई

मी फ्लोरिडात असते, इकडे वारं बरोबर उलटं आहे. इथे ७ नोव्हेंबर हा कम्युनिझमच्या बळींचा दिवस म्हणून शाळांत पाळतात, हायस्कूलला त्या विषयावर ठरावीक मिनिटं शिकवावंच लागतं, आणि २०२४ मध्ये तर कम्युनिझमचा इतिहास शिकवायचा वेगळा कायदाच झाला. यात राजकारण आहेच, नाही असं नाही. पण आमच्या शेजारच्या आजी क्युबातून आलेल्या आहेत. त्यांच्या वडलांचं दुकान गेलं, भाऊ आत गेला. त्यांच्यासमोर "कम्युनिस्टांची भीती म्हणजे नुसता भ्रम होता" असं म्हणायची माझी टाप नाही. एकदा मी म्हटलं, आमच्या केरळात निवडून येतात की कम्युनिस्ट, हरले की घरी जातात. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की जसं मी म्हटलं आमच्याकडचे वाघ गवत खातात.

मास्तरीणबाई, तुमच्या वर्गात व्हिएतनाम, क्युबा, चीन, पूर्व युरोप इकडून आलेल्या घरची पोरं असतीलच ना? त्यांचं काय करता?

मास्तरीणबाई

आहेत. आणि खरं सांगू तर त्यांचं मी आजवर काहीच केलं नाही. एका मुलाचे आजोबा सायगाव पडल्यावर छावणीत होते, तो तासभर गप्प बसला होता, मला वाटलं कंटाळला असेल.

व्हर्नियर

ओर्लँडोच्या सूनबाईंना अनुमोदन, आणि त्यात भर. हेर होते हो! नुसते भास नव्हते. ऑगस्ट १९४९ ला रशियाने अणुबॉम्ब फोडला, ऑक्टोबरात चीन माओच्या हातात गेला, ५० च्या फेब्रुवारीत क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाला इंग्लंडमध्ये पकडला, तो अमेरिकेचा अणुबॉम्ब बनला त्या लॉस अलामॉसमध्ये बसून रशियाला कागद पुरवत होता, जूनमध्ये कोरियाचं युद्ध. सामान्य माणसाला दर दोन-चार महिन्यांनी एक तडाखा. आणि १९९५ मध्ये व्हेनोना प्रकल्पाचे कागद उघड झाले, त्यात सोव्हिएत तारा फोडून वाचलेल्या, त्यावरून ज्युलियस रोझेनबर्ग खरंच हेरगिरीत होता यावर आता फारसा वाद उरलेला नाही. त्याच्या बायकोचं, एथेलचं, प्रकरण वेगळं, तिच्याविरुद्धचा पुरावा फार लंगडा होता. पण दोघांना १९ जून १९५३ ला सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीत बसवलं, मागे दोन लहान मुलं.

म्हणून मला तुमच्या खेळातच चूक वाटते. एकाही चिठ्ठीवर ठिपका नाही, म्हणजे पोरं शिकतात की शत्रू काल्पनिक असतो. खऱ्या आयुष्यात पाच-दहा चिठ्ठ्यांवर ठिपका होता. प्रश्न असा की त्या पाच-दहांपायी बाकीच्या हजारोंचं काय केलंत, आणि जे पकडले ते अशा आरडाओरड्याने पकडले की शांतपणे काम करणाऱ्यांनी.

खवट_म्हातारा

व्हर्नियर यांच्याशी पहिल्यांदाच सहमत आहे, तारीख लिहून ठेवा.

परळकर

धागा वाचून एक आठवलं, थोडं लांब आहे.

२०११-१२ ची गोष्ट. आई-बाबांच्या ग्रीन कार्डचे फॉर्म मी इकडे बसून भरत होतो, बाबा मुंबईत फोनवर. एकेक प्रश्न वाचून दाखवायचा, ते उत्तर द्यायचे. क्षयरोग झालाय का, नाही. कुणाचं अपहरण केलंय का, नाही, आई मागून म्हणाली माझं केलंय. मग आला तो प्रश्न, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का किंवा होता का. मी सवयीने "नाही" टिचकवणार, तर पलीकडून आवाजच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

बाबा परळच्या गिरणीत जॉबर होते. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, युनियनची वर्गणी वर्षानुवर्षं भरली त्यांनी. त्या पावत्या अजून आहेत, खाकी कागदाच्या, सुतळीने बांधलेल्या, ट्रंकेत आईच्या शालूखाली. पक्षाचे कार्ड-सभासद ते कधीच नव्हते, सभेला जायचे, शाहीर ऐकायला जायचे, एवढंच. वकिलाला विचारलं, तो म्हणाला कामगार युनियन म्हणजे पक्ष नव्हे, सभासद नव्हते ना, मग "नाही" हेच खरं उत्तर. बाबांना पटलं, पण रुचलं नाही. म्हणाले, "अरे मी सभासद नव्हतो हे खरं, पण तू ते इतक्या पटकन का म्हणालास?"

मुलाखतीच्या दिवशी हे त्या पावत्या आतल्या खिशात घालून गेले, विचारलं तर दाखवीन म्हणून. आई वाटेत रडकुंडीला आलेली. गोऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, मुलगा कुठे असतो, नातवंडं किती. दोन मिनिटांत बाहेर. बाबा दिवसभर फुरंगटून बसले होते, विचारलंच नाही म्हणून.

मोगरा_९१

परळकर, हसून हसून पुरेवाट आणि मग एकदम गप्प झाले.

उपद्व्यापी

सिटिझनशिपच्या फॉर्मवर पण आहे तो प्रश्न. शिवाय तुम्ही अट्टल दारुडे आहात का असंही पूर्वी विचारायचे. आमच्या काकांनी विचारलं, "अट्टल म्हणजे आठवड्यातून किती?"

तात्या_टेक्सासवाले

आणि १९३३ ते ४५ मध्ये नाझींबरोबर होतात का हे पण. माझी सासू सांगलीची, जन्म १९५२. मी म्हटलं आई नीट आठवून बघा.

मिठागर

परळकरांच्या बाबांवरून. ही भीती काही अमेरिकेची मक्तेदारी नव्हे. मार्च १९२९ मध्ये इंग्रजांनी मीरत कटाचा खटला भरला, त्यात मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर असे सगळे उचलले. गिरण्यांच्या संपाने सरकारची झोप उडाली होती. खटला मुद्दाम मीरतला, मुंबईपासून लांब, ज्युरी नको म्हणून. जवळजवळ चार वर्षं चालला आणि १९३३ मध्ये अपिलात बहुतेकांच्या शिक्षा एकदम खाली आल्या. त्यातले मिरजकर पुढे मुंबईचे महापौर झाले, आता बोला. आणि स्वातंत्र्यानंतरही १९४८-४९ ला आपल्याच सरकारने धरपकड केली, बलराज साहनी आत होते, मजरूह आत होते. अण्णा भाऊ साठ्यांच्या कलापथकाच्या तमाशांवर मुंबई सरकारची बंदी आली, तर त्यांनी त्याला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली आणि गाणं चालू ठेवलं. आणि पलीकडे तेलंगणात तेव्हा सशस्त्र उठाव चालू होता, म्हणजे व्हर्नियर म्हणतात तसं इथेही काही चिठ्ठ्यांवर ठिपका होताच.

खवट_म्हातारा

मिठागर, धागा अमेरिकेतल्या अकरावीचा आहे, गाडी लालबागहून परत न्यू जर्सीला आणा.

रिया_कॅलि

हाय, मी इथेच वाढले, मराठी टाईप करताना चुका होतात, सॉरी. मी हा खेळ खेळलेय, शाळेत, विद्यार्थी म्हणून. डेट्स एक पण आठवत नाही. मॅकार्थीचं पहिलं नाव पण आता गूगल केलं. पण मला हे आठवतं की मी माझ्या बेस्ट फ्रेंडकडे बोट दाखवलं होतं. मला खरंच वाटत नव्हतं तिच्याकडे ठिपका आहे. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी म्हटलं "ती चिठ्ठी बघून हसली, मी पाहिलं." ती हसली नव्हती. नंतर टीचरने सांगितलं की डॉट नव्हताच, सगळे हसले, आम्ही पण हसलो, आणि लंचला आम्ही त्याबद्दल बोललोच नाही. आता आम्ही तिशीत आहोत, अजून बोललो नाही. टीचरने बाहेर काढलेल्या मुलांना विचारलं हाऊ डिड यू फील. बोट दाखवणाऱ्यांना काहीच विचारलं नाही.

चिंगीची_आई

रिया, चुका कसल्या, उत्तम लिहिलंयस. माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही.

व्हर्नियर

रियाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्या काळातही चौकशी समितीला माहिती नको असायची, नावं बहुतेक वेळा त्यांच्याकडे आधीच असायची. त्यांना तुमच्या तोंडून नाव हवं असायचं. नाटककार आर्थर मिलर १९५६ ला समितीपुढे गेला तर स्वतःबद्दल बोलला, दुसऱ्यांची नावं सांगणार नाही म्हणाला. संसदेचा अवमान म्हणून दोषी ठरला, १९५८ ला अपिलात सुटला.

मोगरा_९१

अरे हो, मिलरचं ते सेलमच्या चेटकिणींवरचं नाटक, क्रुसिबल, माझ्या भाच्याला इंग्रजीच्या तासाला आहे. १९५३ चं. त्याला १६९२ ची सगळी पात्रं पाठ आहेत, मॅकार्थी कोण ते माहीत नाही. दोन शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत का तुमच्याकडे?

मास्तरीणबाई

मोगरा, बोलतो, फोटोकॉपी मशीन अडकलं की.

खवट_म्हातारा

मॅडम, खेळाऐवजी दोन गोष्टी सुचवतो.

एक, विल्यम फ्राउएनग्लास. ब्रुकलिनच्या जेम्स मॅडिसन हायस्कूलमध्ये इंग्रजीचा शिक्षक. १९५३ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीपुढे बोलावलं, उत्तरं दिली नाहीत तर नोकरी जाणार हे ठरलेलं. त्याने आइनस्टाइनला पत्र लिहिलं, आइनस्टाइन तुमच्याच न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला. त्याने उत्तर पाठवलं की बोलावलेल्या प्रत्येक विचारवंताने साक्ष द्यायला नकार द्यावा आणि तुरुंगाची नि कफल्लक होण्याची तयारी ठेवावी. ते पत्र १२ जून १९५३ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं, आणि त्या पेपराने स्वतःच्या अग्रलेखात आइनस्टाइनलाच कानपिचक्या दिल्या. फ्राउएनग्लासची नोकरी गेली ती गेलीच. न्यूयॉर्कमध्ये शिक्षकांसाठी फाइनबर्ग कायदा होता १९४९ चा, सुप्रीम कोर्टाने ५२ ला तो उचलून धरला आणि ६७ ला रद्द केला. पोरांना सिनेटर कळत नाही, पण आपला सर उद्यापासून येणार नाही हे कळतं.

दोन, मॅडिसन गाव, विस्कॉन्सिन, ४ जुलै १९५१. कॅपिटल टाइम्सचा बातमीदार जॉन हंटर एक अर्ज घेऊन बागेत फिरला, सह्या मागत. अर्जात स्वतःचं एक अक्षर नव्हतं, सगळं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं आणि घटनादुरुस्त्यांमधलं. ११२ जणांना विचारलं. सही केली एकाने. वीस जणांनी त्यालाच कम्युनिस्ट म्हटलं. तेही स्वातंत्र्यदिनी. यात कुणी भिंतीला टेकून उभं राहत नाही.

उपद्व्यापी

सिनसिनाटीच्या बेसबॉल टीमचं नाव रेड्स होतं ते पण बदलून रेडलेग्ज केलेलं त्या काळात. म्हणजे लाल पाय चालतील, बाकी अंग नको.

ओर्लँडोची_सुनबाई

आणि इंडियानात पाठ्यपुस्तक समितीवरच्या एका बाईंनी रॉबिन हूड काढायला सांगितलेला ना? श्रीमंतांचं लुटून गरिबांना देतो म्हणून. तिथल्या कॉलेजच्या पोरांनी मग हिरवी पिसं लावून निषेध केला. ही गोष्ट आमच्या लेकीला फार आवडते, ती म्हणते पिसं कोंबडीची होती, रंगवलेली.

मास्तरीणबाई

तीन आठवडे झाले, धागा वर काढतेय. काय केलं ते सांगते.

ठिपक्याचा खेळ घेतला नाही. मॅडिसनचा अर्ज घेतला. जाहीरनाम्यातली आणि पहिल्या-चौथ्या दुरुस्तीतली वाक्यं टाइप केली, वर शीर्षक नाही, आणि पोरांना जोडीजोडीने जेवणाच्या सुट्टीत पाठवलं. नियम एकच, भांडायचं नाही आणि कुणी नाही म्हणालं तर थँक्यू म्हणून पुढे जायचं. ११२ पैकी एक असलं काही झालं नाही, ४१ जणांना विचारलं, २६ जणांनी सही केली. पोरं हिरमुसली, त्यांना वाटलं प्रयोग फसला. मग मी विचारलं किती जणांनी वाचलं? सही करणाऱ्यांतल्या चौघांनी. आणि ज्यांनी नीट वाचलं त्यांतले बरेच म्हणाले, हे कुणाकडे जाणार, माझं नाव कुठे दिसेल. एका सरांनी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, पेन काढलं आणि "मला अजून टेन्युअर नाही", म्हणजे नोकरी अजून कायम नाही, म्हणून खिशात ठेवलं. ज्या मुलीने त्यांच्यासमोर कागद धरला होता ती वर्गात येऊन म्हणाली, "मिस, सर मूर्ख नाहीयेत." बस, मला दरवर्षीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तेही माझ्या तोंडून नाही.

दुसऱ्या दिवशी फ्राउएनग्लास केला आणि व्हर्नियर म्हणतात तसे फुक्स नि व्हेनोना पण. सायगाववाल्या आजोबांच्या नातवाला मी आधीच बाजूला घेऊन विचारलं होतं, बोलायचंय का, नाही म्हणालास तर विषय संपला. तो बोलला. चार-पाच मिनिटं. आजोबांचा कबुलीजबाब छावणीत पुन्हापुन्हा लिहून घ्यायचे, प्रत्येक वेळी नवीन नावं हवीत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, पण हे तर तेच झालं की. तो म्हणाला, हो, पण आजोबांना हे सांगू नका, चिडतील.

वरून ईमेल आलीच, सह्यांच्या मोहिमेची परवानगी कुणी दिली म्हणून. कागद मागवून घेतला. त्यावर २६ नावं आहेत आणि तो आता ऑफिसच्या कुठल्यातरी फायलीत आहे, हे पोरांना कळल्यावर जो चेहरा झाला त्यांचा... तो भाग माझ्या लेसन प्लॅनमध्ये नव्हता. परवा तो कागद परत मागून घेतला आणि सगळ्यांसमोर फाडला.

परळकर, तुमच्या बाबांचा फॉर्मचा किस्सा नाव न घेता सांगितला, चालेल ना? वर्गातल्या निम्म्यांच्या घरी तो फॉर्म कुणी ना कुणी भरलेला निघाला.

रिया_कॅलि

मी तिला धाग्याचा स्क्रीनशॉट पाठवला. तिला मराठी येत नाही, मी ट्रान्सलेट केलं. ती म्हणाली आय न्यू.

चिंगीची_आई

मास्तरीणबाई, त्या गेल्या वर्षीच्या मुलीचं काय?

मास्तरीणबाई

ती आता बारावीत आहे. कॉरिडॉरमध्ये गाठली, म्हटलं तो खेळ यंदा घेतला नाही, आणि तुझ्या बाबतीत माझं चुकलं. ती "ओके" म्हणाली आणि निघून गेली. जे आहे ते आहे.

परळकर

चालेल हो, आनंदाने. कालच बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ८३ वर्षांचे आहेत, अर्धं ऐकू येतं. ते टेन्युअरवाल्या सरांना काही बोलले नाहीत, मला वाटलं बोलतील. फक्त विचारलं, "ती मास्तरीण युनियनमध्ये आहे का?"

मास्तरीणबाई

आहे म्हणावं. वर्गणी पगारातून परस्पर कापतात.

परळकर

सांगितलं. म्हणतात, पावती मागून घे.